चितारलेला वाघ, कमावलेला आवाज

आपल्याकडच्या नाट्यपरीक्षणांत नटाच्या आवाजाची दखल बहुधा शेवटच्या परिच्छेदात, 'आवाज खणखणीत' एवढ्या दोन शब्दांत उरकली जाते. चेहरा, हालचाल, वेशभूषा हे सारे वजा केले तर अभिनयात काय शिल्लक राहते? हा प्रश्न मला लहानपणी पडला, आणि त्याला कारण झाला एक चितारलेला वाघ.

१९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'द जंगल बुक' ही चित्रमालिका हिंदीतून दिसू लागली. मूळ मालिका जपानची, निप्पॉन ॲनिमेशनची, १९८९-९० मधली. हिंदी शीर्षकगीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाजांचे. गल्लीतली सारी पोरे मोगलीवर खूश. मी मात्र शेरखानाची वाट पाहत बसे. त्याला आवाज होता नाना पाटेकरांचा.

किपलिंगच्या १८९४ सालच्या पुस्तकातला शेरखान जन्मतःच एका पायाने अधू आहे. त्याची आईच त्याला लंगडा म्हणते, आणि म्हणूनच तो गुरे मारून जगतो. डिस्नेच्या १९६७ च्या चित्रपटात जॉर्ज सँडर्सने त्याला खानदानी, गुळगुळीत सभ्यपणा दिला. नानांनी दोन्ही वाटा सोडल्या. त्यांचा वाघ डरकाळीवर विसंबत नाही, बोलण्यावर विसंबतो. वाक्य मध्येच तोडायचे, थांबायचे, आणि उरलेला शब्द समोरच्याच्या अंगावर टाकायचा. जपानी संवादांसाठी हललेल्या जबड्यात हिंदी वाक्य बसवणे हे तसे शिंप्याचे काम. कापड दुसऱ्याच्या मापाने आधीच बेतलेले. पण नानांच्या तुटक बोलण्याला ही अडचण मानवली असावी. जयवंत दळवींच्या 'पुरुष' मधला त्यांचा गुलाबराव ज्यांना आठवतो, त्यांना सत्तेचा हा माज ओळखीचा वाटेल.

या गुणातच एक दोष आहे. हा वाघ कथेला जड होतो. किपलिंगचा शेरखान आतून पोकळ दांडगट आहे. नानांच्या आवाजात ती पोकळी ऐकू येत नाही. त्यामुळे मोगली जिंकतो तेव्हा आनंदापेक्षा हळहळच अधिक वाटते. २०१६ च्या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीत नानाच पुन्हा शेरखान झाले. तेथे वाघ इतका हुबेहूब होता की आवाजाला करण्यासारखे थोडेच उरले. १९९३ च्या साध्या, सपाट चित्रात मोकळी जागा होती, आणि ती आवाजाने भरून काढली होती.

पण आमच्यासारख्यांना हा आवाज एवढा जवळचा का वाटला, याचे कारण नाट्यशास्त्रात सापडणार नाही. आमच्या बेळगाव भागात एकाच जनावराला घरात वाघ, बाजारात हुली आणि टीव्हीवर शेर म्हणावे लागते. मूल तिन्ही शब्द सहज उचलते. मोठी माणसे मात्र त्याचा हेल सुधारत बसतात. हिंदी बोलताना मराठी डोकावली की हसू होते, मराठी बोलताना कानडी वळण आले की पुण्याचे पाहुणे हसतात. अशा मुलाला हळूहळू वाटू लागते, की तोंड उघडणे म्हणजे पकडले जाणे.

शेरखानाच्या हिंदीमागे मुरुड-जंजिऱ्याच्या माणसाची मराठी ठेवण मला स्पष्ट ऐकू येई. ती लपवलेली नव्हती, आणि तिच्यावर हसायची जंगलात कोणाची छाती नव्हती. मातृभाषेचा हेल हे व्यंग नाही, ते बोलण्यातले वजनही होऊ शकते, हे मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाआधी त्या वाघाने शिकवले.

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखवली. घरातल्या मुलांना ती कधी दाखवाल, तेव्हा एकदा टीव्हीकडे पाठ करून नुसती ऐकावी, एवढेच वाचकांना सुचवावेसे वाटते. चित्र जुने झाले आहे. वाघ अजून तरणाबांड आहे.