ठळक तिरप्या देवनागरी अक्षराची चिकित्सा : ‘पॉपिन्स’ अक्षरसंच आणि ग्रामीण फलक

सारांश :
रोमन लिपीतील ठळक, तिरपे व सेरिफविरहित शीर्षकाक्षर संगणकामुळे देवनागरीतही रूढ झाले. ‘पॉपिन्स’ या अक्षरसंचाच्या आधारे या वळणाचे गुणदोष तपासणे आणि बारामती-इंदापूर परिसरातील फलकांच्या संदर्भात त्याच्या वापराची मर्यादा ठरविणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बीजसंज्ञा : देवनागरी, अक्षरवळण, शिरोरेषा, फलक, वाचनीयता.

प्रस्तावना :
तिरपे अक्षर ही मूलतः रोमन लिपीची परंपरा होय. व्हेनिस येथील मुद्रक आल्डस मॅन्युशिअस याने १५०१ मध्ये फ्रान्चेस्को ग्रिफो याने कोरलेल्या तिरप्या खिळ्यांत ग्रंथ छापला. त्या अक्षराला हस्तलेखनाचा आधार होता. पुढे मजकुरातील शब्द वेगळा दाखविण्यासाठी ते वापरले जाऊ लागले. अक्षरांच्या टोकांवरील बारीक रेघा, म्हणजे सेरिफ, वगळलेला पहिला छापील नमुना १८१६ च्या सुमारास लंडनच्या कॅस्लन ओतशाळेने दिला. या दोन प्रवाहांना ठळकपणाची जोड मिळून जाहिरातीचे आक्रमक, गतिमान अक्षर तयार झाले.

देवनागरीत असे दुय्यम वळण नव्हते. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने मराठी मुद्रणात प्रतिष्ठित केलेले अक्षर बोरूच्या जाड-बारीक रेषेवर उभे होते. मराठी मुद्रक शब्दावर जोर देण्यासाठी जाड ठसा, मोठा आकार किंवा अवतरणचिन्ह वापरीत. संगणकीय अक्षरजुळणी आल्यावर एक कळ दाबून कोणतेही अक्षर तिरपे करता येऊ लागले, आणि गरज नसलेली सोय सवय बनली.

‘पॉपिन्स’चे स्वरूप :
इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये ‘पॉपिन्स’ हा अक्षरसंच प्रसिद्ध केला. त्यातील देवनागरी निनाद काळे यांनी व रोमन जॉनी पिनहॉर्न यांनी रेखाटली. पुढे त्याची ९ वजने व तितकीच तिरपी रूपे, अशी एकूण १८ रूपे उपलब्ध झाली. मुक्त परवान्यामुळे तो विनामूल्य वापरता येतो. दोन्ही लिप्यांचा पाया शुद्ध भूमिती, विशेषतः वर्तुळ, हा आहे. रेषेची जाडी जवळजवळ सारखी असते. रोमन मोठी अक्षरे देवनागरी अक्षरांपेक्षा उंचीने कमी ठेवलेली आहेत. द्विभाषिक फलकावर देवनागरी दबून जाण्याचा नेहमीचा दोष त्यामुळे टळतो. दुकानांच्या पाट्यांवरील मराठी अक्षर अन्य लिपीपेक्षा लहान नसावे, अशी तरतूद महाराष्ट्रात २०२२ मध्ये झाली. त्या दृष्टीने हा गुण महत्त्वाचा ठरतो.

तिरपेपणाचा प्रश्न :
खरा प्रश्न तिरप्या रूपाचा आहे. एकसारख्या जाडीचे वर्तुळ उजवीकडे कलविले असता त्याची रेषा वरच्या उजव्या व खालच्या डाव्या भागांत जाड होते. उरलेल्या दोन कोपऱ्यांत ती बारीक होते. रोमन लेखणीचा जाडपणा नेमका याच ठिकाणी येतो. म्हणून रोमन अक्षराला हा कल फारसा परका वाटत नाही. देवनागरी बोरूचा काप याच्या उलट असतो. त्याची जाड रेषा वरच्या डाव्या व खालच्या उजव्या भागांत पडते. म्हणजेच यांत्रिक कल देवनागरीत जिथे रेषा भरावयास हवी तिथे ती रोडावतो. हा दोष रेखाटनकाराने हाताने दुरुस्त केल्याशिवाय जात नाही.

दुसरी अडचण शिरोरेषेची आहे. काने कलतात, शिरोरेषा मात्र आडवीच राहते. शब्दाची ओळ स्थिर आणि तिच्याखालील अक्षरे धावती, असा विसंवाद निर्माण होतो. दोन-तीन अक्षरांच्या शब्दात तो गतीचा भास देतो. दीर्घ मजकुरात मात्र तो डोळ्यांना शिणवितो.

स्थलनामांची कसोटी :
‘वडगाव निंबाळकर’ हे नावच या वळणाची उत्तम परीक्षा घेते. ‘वडगाव’ मोकळे आहे. ठळक रूपातही ते दुरून वाचता येते. ‘निं’मध्ये मात्र वेलांटी व अनुस्वार एकाच जागेसाठी झगडतात, ‘ब’च्या पोटातील तिरकी रेघ जाडीमुळे पोकळी भरून टाकते आणि ‘ळ’च्या दोन वाट्या आक्रसतात. ‘इंदापूर’मध्ये वर अनुस्वार व खाली दीर्घ उकार आहे. कल दिल्यावर वरचे चिन्ह उजवीकडे आणि खालचे डावीकडे सरकते. ओळींतील अंतर कमी असल्यास एका ओळीचा उकार पुढच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. फ्लेक्स फलकावर अनेक नावे दाटीने बसविताना हेच घडते.

रंगारी ब्रशने पाटी रंगवीत असे तेव्हा अशा जागी तो वेलांटी उंच करी अथवा अनुस्वार किंचित सरकवी. नाट्यशीर्षकांची अक्षरे घडविणारे कमल शेडगे (१९३५–२०२०) यांच्या कामातही अक्षराचे रूप शब्दाच्या आशयावरून ठरत असे. तयार अक्षरसंचात हा निर्णय एकदाच, सर्व शब्दांसाठी घेतला जातो. तो कोणी घेतला व कोणत्या लिपीच्या सवयीने घेतला, हे म्हणूनच विचारावे लागते.

निष्कर्ष :
१. क्रीडास्पर्धा, विक्रीची जाहिरात किंवा नाटकाचे नाव अशा अल्पाक्षरी शीर्षकांस ठळक तिरपे अक्षर शोभते.
२. गावाचे नाव, दिशादर्शक, दवाखाना किंवा बसथांबा यांच्या पाट्यांसाठी सरळ व मध्यम जाडीचे रूपच योग्य होय. तेथे चुकीच्या वाचनाची किंमत वाटसरूला मोजावी लागते.
३. तिरपे रूप वापरावयाचेच असल्यास ते अक्षरसंचात स्वतंत्रपणे दिलेले असावे. संगणकाने कलविलेले नसावे.
४. निवडीपूर्वी पाकळीयुक्त ‘ल’, देठयुक्त ‘श’ ही मराठी रूपे आणि ‘निं’, ‘पू’ यांसारखी जोडणी प्रत्यक्ष आकारात छापून पाहावी.

‘पॉपिन्स’ने देवनागरीला भूमितीची शिस्त व वजनांची विविधता दिली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि जोर देण्याची देवनागरीची स्वतःची रीत जाडी आणि मोकळी जागा यांत आहे. ती रीत सोडून कल उसना घेताना लिपीची वाचनीयता गहाण पडू नये, एवढी दक्षता रेखाटनकार व वापरकर्ता या दोघांनीही घेणे आवश्यक आहे.