सत्तरपैकी किती? : शेल्डन यांच्या मोजपट्टीबद्दल

मागच्या महिन्यात माझ्या गाइडनी माझा एक आलेख परत पाठवला. तांब्याच्या पट्ट्यांवरचा गंज डोळ्यांनी बघून मी 1 ते 5 गुण दिले होते आणि सरासरी काढली होती 3.4. शेजारी पेन्सिलनं एकच प्रश्न लिहिला होता: ‘3.4 काय?’ उत्तर नव्हतं. त्याच आठवड्यात विल्यम शेल्डन यांचं ‘अर्ली अमेरिकन सेंट्स’ (1949) वाचत होते, आणि तोच प्रश्न तिथेही दिसला.

अमेरिकेतली जुनी नाणी आज 1 ते 70 या पट्टीवर तोलली जातात. तिचा उगम या पुस्तकात आहे. 1 म्हणजे जेमतेम ओळखू येणारं नाणं, 70 म्हणजे निर्दोष. पण हे आकडे झीज मोजून आलेले नाहीत, ते बाजारभावातून आलेत! सगळ्यात खालच्या प्रतीचं 1794 चं सेंट एक डॉलरला मिळत असेल, तर 70 चं सत्तर डॉलरला, असा हिशोब. काही वर्षांतच भाव बदलले, हिशोब कोलमडला. आकडे मात्र राहिले. 1970 च्या दशकात ते सगळ्याच अमेरिकी नाण्यांना लागू झाले. 1986 मध्ये पीसीजीएस आणि 1987 मध्ये एनजीसी आली, आणि आकडा प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीवर छापला जाऊ लागला.

आता 64 आणि 65 यांच्यात एकाच गुणाचा फरक, पण किमतीत कधीकधी कितीतरी पटींचा. म्हणून लोक डबी फोडून तेच नाणं पुन्हा तपासायला पाठवतात, एखादा गुण वाढेल या आशेनं. आमच्या लॅबमध्ये याला ‘पुनरावृत्तीत टिकत नाही’ म्हणतात. हा क्रम आहे, माप नाही.

शेल्डन पेशानं मानसशास्त्रज्ञ होते. माणसांच्या शरीरयष्टीलाही ते 1 ते 7 असे तीन आकडे द्यायचे आणि त्यावरून स्वभाव सांगायचे. डोळ्यांनी बघायचं, आकडा द्यायचा, मग आकड्याला वस्तुस्थिती मानायचं: खोड तीच.

तरी पुस्तक टाकाऊ नाही. 1793 ते 1814 च्या सेंट्सचे ठसे त्यांनी एकेक करून वेगळे केले. 1794 च्या एका प्रकारात मागच्या बाजूला, कडेच्या दात्यांमध्ये 94 बारीक तारे आहेत. हे कुणीही भिंग घेऊन तपासू शकतो. तिथे शेल्डन खरे संशोधक आहेत.

आणि शेवटचा धडा त्यांच्याच चोरीतून मिळतो. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली सेंट्स काढून त्यांनी त्याच प्रकारची कमी प्रतीची तिथे ठेवली होती, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघड झालं. कशामुळे? जुन्या फोटोंमुळे. प्रत्येक नाण्यावरचे ओरखडे, डाग फोटोत होते, ते जुळवून पाहता आले. 40 गुणांची नाणी ढीगभर असतील, पण तोच ओरखडा त्याच जागी असलेलं नाणं एकच.

मी माझा आलेख काढून टाकलाय. आता प्रत्येक पट्टीचा फोटो आणि वजनातली घट, मिलिग्रॅममध्ये. काम तीन महिन्यांनी वाढलं. पण ‘काय?’ला आता उत्तर आहे.