दप्तराची चोरी : कायद्यांतील व्याख्येचें परीक्षण

भारतीय न्याय संहितेच्या (२०२३) कलम ३०३ नें चोरीची १८६० च्या दंडविधानांतील व्याख्या बहुतांशीं तशीच ठेविली आहे. जंगम वस्तु, दुसऱ्याचा ताबा, संमतीचा अभाव, अप्रामाणिक हेतु व वस्तु हलविणें हीं तिचीं पांच अंगें होत. तींत मालकीपेक्षां ताब्यास महत्त्व आहे.

मुळशी तालुक्यांतील नेरे गांवीं कोणाच्या घरीं जुन्या दप्तराचा एक रुमाल आहे असें समजूं. त्यांतील कागद बदलण्याच्या हेतूनें कोणी तो न विचारतां नेला व दोन दिवसांनीं परत ठेविला, तर ती चोरी काय? होय. अलवार येथील सरकारी कचेरींतील फाईल १९४८ मध्यें अशीच अल्प मुदतीकरितां बाहेर गेली होती. सर्वोच्च न्यायालयानें १९६२ मध्यें ती चोरीच ठरविली. जमिनींत रोंवलेला शिलालेखहि उपटतांच चोरीचा विषय होतो.

येथवर व्याख्या आम्हांस ग्राह्य वाटते. दोष शिक्षेच्या मापांत आहे. वस्तु ५,००० रुपयांहून कमी किंमतीची असून ती परत केल्यास, प्रथमच दोषी ठरलेल्यास समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. रद्दीच्या भावानें रुमालाची किंमत ती काय होणार? क्रम मोडलेला, कागद गळालेला रुमाल परत आला तरी त्यांतील पुरावा परत येत नाहीं. हें नुकसान कायद्याच्या हिशेबांत येत नाहीं, म्हणून संग्राहकांनीं लेखी संमतीवांचून एकहि बंद हलवूं नये, असें आमचें मत आहे.