डिझेल एंजिनांच्या तसबिरी

वाफेच्या एंजिनाचे चित्र काढणाऱ्यास विषयच निम्मे साहाय्य करीत असे. दट्ट्या, दांडे, चाके आणि धूर यांतून त्याची शक्ती उघड्यावर वावरत असल्याने गतीचा भास निर्माण करण्यासाठी त्याला निराळी युक्ती योजावी लागत नसे. डिझेल एंजिनाने हे सारे कवचाआड नेले. १९३४ च्या मे महिन्यात बर्लिंग्टन रेल्वेची झेफिर गाडी डेन्व्हर ते शिकागो हे १,०१५ मैलांचे अंतर १३ तास ५ मिनिटांत कापून आली, तेव्हा अमेरिकन जनतेच्या नजरेत भरले ते पन्हाळीदार स्टेनलेस स्टीलचे लखलखीत अंग. आणि तेव्हापासून या प्रवासी एंजिनांची चित्रकला मुख्यतः पृष्ठभागाची व प्रकाशाची कला होऊन राहिली.

चौकटीत बसवून विकल्या जाणाऱ्या आजच्या मुद्रित तसबिरींची खरी कसोटी येथेच लागते. जनरल मोटर्सच्या लेलँड निकरबॉकर या कलावंताने सान्ता फे रेल्वेसाठी योजलेली लाल, पिवळी व रुपेरी रंगसंगती या तसबिरींचा अतिशय आवडता विषय आहे. त्यातला लाल सहज साधतो. रुपेरी साधत नाही. कारण त्या पोलादाला स्वतःचा रंग असा नसतोच: वरचे आकाश, खालची खडी, कलत्या उन्हाचा पिवळेपणा हे सर्व पन्हाळीपन्हाळीतून निरनिराळ्या पट्ट्यांनी उमटते, आणि चार शाईंचे सामान्य मुद्रण त्या सर्वांची एकच करडी छटा करून टाकते. सुती कागदावरील रंगद्रव्यांच्या शाईची उत्तम छपाई ही उणीव बरीच भरून काढते. परंतु गिऱ्हाइकाला रुचावे म्हणून लाल रंग भडक करण्याचा रिवाज तिथेही शिरला आहे, याचे मला मनापासून दुःख होते.

तपशिलाच्या बाबतीत मात्र आजचे चित्रकार अव्वल आहेत. ई-७ जातीच्या एंजिनाच्या चौकोनी खिडक्या आणि ई-८ जातीच्या एंजिनाच्या गोल खिडक्या यांत ते गफलत करीत नाहीत. पण एवढ्या निगुतीने रेखाटलेले एंजिन बहुधा कोऱ्या पार्श्वभूमीवर, डब्यांवाचून, एकटेच उभे असते. प्रवासी गाडीचे एंजिन, आणि मागे प्रवासी नाहीत!

जुने चित्रकार कारखानदारांचे आणि रेल्वे कंपन्यांचे आश्रित होते, हे खरे. हॉवर्ड फॉग याला १९४६ मध्ये आल्को कारखान्याने नेमले ते नवी डिझेल एंजिने निरनिराळ्या रेल्वेंच्या रंगांत रंगवून दाखविण्यासाठी. ग्रिफ टेलर १९२८ पासून १९५८ पर्यंत, युद्धकाळाचा खंड वगळता, पेन्सिल्व्हेनिया रेल्वेच्या दिनदर्शिकांसाठी चित्रे काढीत राहिला. तरीही या जाहिरातींत मुलूख होता, हवामान होते, सिग्नल होते. बर्न हिल याने तर जनरल मोटर्ससाठी उंचावरून दृष्टी टाकून प्रचंड निसर्गात एंजिन इतके लहान केले, की कित्येकदा खिडक्या मोजता येऊ नयेत; पण गाडीला कोणता चढ ओलांडायचा आहे हे पाहणाऱ्याला तत्क्षणी उमगते. आजच्या प्रकाशकांनी अशी चित्रे मूळ रंगांशी इमान राखून, खालच्या समासात चित्रकार, रेल्वे व साल नमूद करून पुन्हा छापावीत, आणि नव्या चित्रकारांकडून गाडी मागताना ती कुठून कुठे चालली आहे हेही मागावे.