प्यूमा : कवटींतला आणि रानांतला

स्टॅन्ली यंग व एडवर्ड गोल्डमन यांचा ‘दि प्यूमा’ हा १९४६ सालचा ग्रंथ परिश्रमाचा आहे, यांत शंका नाहीं. अमेरिकेंतील या ‘पहाडी सिंहा’विषयीं (नांव सिंहाचें, पण यास गर्जतां येत नाहीं, हा मांजरासारखा घुरघुरतो!) पुष्कळ माहिती त्यांत गोळा केली आहे. परंतु यंग हे हिंस्र पशूंचा संहार करणाऱ्या सरकारी खात्यांतले, आणि गोल्डमन यांनीं कवट्या मोजून प्यूमाच्या सुमारें तीस पोटजाती पाडल्या. म्हणजे ग्रंथाचा मुख्य साक्षीदार मेलेलें जनावर! २००० सालीं आनुवंशिक तपासणीनें त्या तिसांच्या सहा झाल्या.

याउलट मॉरिस हॉर्नॉकर यांचा १९७० चा प्रबंध पाहावा. आयडाहोच्या बर्फांत कुत्र्यांकडून प्यूमास झाडावर चढवावयाचें, गुंगीचें औषध देऊन खूण करावयाची आणि सोडून द्यावयाचें, हा त्यांचा १९६४ पासूनचा क्रम. हरणें व एल्क वाढत असतांहि प्यूमांची संख्या स्थिर राहिली. कारण ते एकमेकांस टाळून आपापला मुलूख राखतात. न मारल्यास हे बेसुमार वाढतील, या ज्या भीतीनें पूर्वीं इनामें देऊन त्यांस मारवीत, ती येथें ढासळते. भाषा रुक्ष, कोष्टकें फार. तरी जिवंत प्यूमा भेटतो तो येथेंच. यंग यांच्या ग्रंथांतील शिकारीच्या हकीकती मात्र अधिक गोडीनें वाचवतात, हें कबूल केलें पाहिजे.