नांगर आणि उत्पत्तीचे पुस्तक

निसर्गाच्या ऱ्हासाचे खापर ख्रिस्ती धर्माच्या माथी फोडणारा लिन व्हाइट यांचा निबंध आमच्या बहुतेक वाचकांनी वाचलेला नसेल. त्यातील आरोप मात्र अनेकांच्या कानी आला असेल. मध्ययुगीन तंत्रविद्येच्या या अमेरिकन इतिहासकाराने तो १९६७ साली 'सायन्स' या साप्ताहिकात प्रसिद्ध केला. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात परमेश्वराने मानवाला सृष्टीवर सत्ता दिली आणि त्या शिकवणुकीने पाश्चात्त्य मनुष्य निसर्गाचा धनी होऊन बसला, असा त्यांचा सिद्धांत.

निबंधातील सर्वांत सरस भाग नांगराचा आहे. जुना नांगर जमीन केवळ ओरखडीत असे. आमच्या वाडवडिलांचा लाकडी नांगरही त्याच जातीचा. उत्तर युरोपातील ओल्या, चिकट मातीत त्याचा निभाव लागेना. सातव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तेथील काही शेतकरी माती कापून उलथविणारा अवजड नांगर वापरू लागले. त्याला सामान्यतः आठ बैल लागत. एका घरी इतके बैल कोठून असणार? ते अनेकांनी मिळून जुंपले आणि जमिनीची वाटणी कुटुंबाच्या गरजेऐवजी नांगराच्या आवाक्यावर होऊ लागली. इ. स. ८३० च्या थोडे आधी फ्रँक लोकांच्या सचित्र दिनदर्शिकाही पालटल्या. महिन्यांच्या निश्चल मानवाकृती जाऊन तेथे नांगरणारी, झाडे तोडणारी, डुकरे मारणारी माणसे आली. अवजारातून दृष्टी कशी घडते, हे इतक्या थोडक्यात दाखविणारे लेखन आमच्या पाहण्यात क्वचितच आले आहे.

येथून पुढे मात्र व्हाइट यांची पकड सुटते. तेच पुस्तक ग्रीक ख्रिस्तसभाही वाचीत होती. तेथे तंत्रविद्येची अशी झेप दिसत नाही, हे ते स्वतःच नमूद करतात. पूर्व चिंतनशील, पश्चिम कृतिशील, असा खुलासाही देतात. मग दोष ग्रंथाचा की वाचणाऱ्याचा? ॲटिकाचे डोंगर उघडे पडल्याची खंत तर प्लेटोने 'क्रिटियास'मध्ये ख्रिस्तजन्मापूर्वी सुमारे साडेतीन शतके नोंदविली आहे. दुसऱ्या अध्यायातील प्राण्यांना नावे देणारा आदाम व्हाइटना आठवतो. बागेची मशागत आणि राखण ज्याच्यावर सोपविली तो आदाम आठवत नाही.

तरीही हा निबंध आम्ही मोडीत काढणार नाही. असिसीकार संत फ्रान्सिस यांना पर्यावरणवाद्यांचे आश्रयदाते मानावे, असे व्हाइट यांनी शेवटी सुचविले होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ साली तशी घोषणा केली. ख्रिस्ती लोकांनी कधीकधी शास्त्राचा चुकीचा अर्थ लावला, हे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात मान्य केले आहे. निबंध अवघा पाच पानांचा आहे. वाचताना उत्पत्तीचे पहिले दोन्ही अध्याय शेजारी उघडे असावेत.