दुःखाचा खड्डा की जात्याचा?

आयर्लंडमधल्या क्लेअर परगण्यात, चुनखडीच्या उघड्या माळावर पूलनाब्रोन नावाचं दगडी थडगं आहे. उभ्या शिळा आणि त्यांवर एक मोठी तिरकी शिळा. नावाचा अर्थ बऱ्याच ठिकाणी ‘दुःखाचा खड्डा’ असा दिलेला असतो. १९८६ आणि १९८८ मध्ये अ‍ॅन लिंच यांनी इथं उत्खनन केलं, तेव्हा तिशीहून जास्त माणसांची हाडं निघाली. मग काय, अर्थ पक्काच झाला!

पण व्याकरण काय सांगतं ते बघू. ‘पोल’ म्हणजे खड्डा. ‘ब्रोन’ म्हणजे दुःख, हे खरं. मात्र ‘ब्रो’ म्हणजे जातं, आणि ‘जात्याचा’ म्हणायचं तर त्याचंही रूप ‘ब्रोन’च होतं. फरक मधल्या ‘ना’मध्ये आहे. तो स्त्रीलिंगी एकवचनी नामाला लागतो, आणि जातं तिथं स्त्रीलिंगी आहे. दुःख पुल्लिंगी, त्यामुळे एकवचनात ‘ना’ चालत नाही. ‘दुःखांचा’ असं अनेकवचन धरलं, तर ‘ब’चा उच्चार ‘म’ व्हायला हवा. नावात तर ‘ब’ स्पष्ट आहे. थोडक्यात, खड्डा जात्याचा.

माझा आक्षेप एका भाषांतरापुरता नाही. थडग्याजवळचं नाव थडगं बांधणाऱ्यांचा निरोप आहे, असं आपण गृहीत धरतो. इथली दफनं इ.स.पू. ३८०० ते ३२०० या काळातली, आणि आयरिश नावं लिहिली गेली ती त्यानंतर हजारो वर्षांनी. मीथ परगण्यातलं न्यूग्रेंज पाच हजार वर्षांहून जुनं, पण नाव मध्ययुगीन ख्रिस्ती मठाच्या शेतवाडीचं.

म्हणजे नावं निरुपयोगी का? मुळीच नाही. कितीतरी थडग्यांना लोक ‘डियर्मिड आणि ग्रान्याचं अंथरूण’ म्हणतात. पळून गेलेलं हे प्रेमी जोडपं दंतकथेतलं. आत कोण पुरलंय ते हे नाव सांगत नाही. पण नंतरच्या शेतकऱ्यांनी त्या दगडांकडे कसं पाहिलं, ते सांगतं. शिवाय शेतात थडगं शोधायला अशा नावाचा मोठा आधार होतो.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी व्याकरण, मग जुन्या नोंदींतलं स्पेलिंग, आणि हाडं सगळ्यात शेवटी. हाडं आधी पाहिली की प्रत्येक खड्डा दुःखाचाच वाटू लागतो.